हौसाआत्याची सही

मेढ्याच्या दस्त नोंदणीच्या कचेरीत अजूनही प्लॅस्टिकच्या वाटीत ओला स्पंज ठेवतात. आता फोटो संगणकावरच्या कॅमेऱ्यानं निघतो, अंगठा काचेवर टेकवायचा असतो, पण पानं उलटायला तो पिवळा स्पंज लागतोच. शिळ्या पाण्याचा, शाईचा आणि अनेक बोटांच्या घामाचा एक वास त्याला येतो. परवा तो नाकात गेला आणि मी खुर्ची मागं सरकवली.

माझ्या धाकट्या भावानं, महेशनं, मला बोलावून घेतलं होतं. आमचे वडील, आबा, जाऊन वर्ष झालं, आई त्यांच्या आधीच गेली होती. आता जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याचं आणि माझं नाव लागलं होतं, त्यातलं माझं कमी करायचं होतं. त्याला हक्कसोड म्हणतात. किती सभ्य शब्द आहे! बहिणीनं हक्क सोडायचा आणि भावानं तिला साडी-चोळी करायची. साडी त्यानं आणली होती, खोक्यातली, जांभळी. पेढेही आणले होते. उकाड्यानं ते एकमेकांना चिकटले होते आणि खोक्याच्या कागदावर तुपाचे डाग पडले होते.

दस्त लिहिणाऱ्यानं कागद पुढं सरकवला आणि बोट ठेवून म्हणाला, "ताई, हितं सही."

मी वाचायला लागले. 'सदर मिळकतीवरील माझा हक्क मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला सोडून देत आहे.' हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, एका बाकावर बसून पाय हलवत होते, आणि माझ्या शेजारी हौसाआत्या होती.

हौसाआत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. मेढ्याजवळच्या आमच्या डोंगरातल्या गावातून तिला खाली पलूसकडं दिली, काळ्या जमिनीत, पाटाच्या पाण्यात. डोंगरातल्या मुलीला बागायतदाराचं घर मिळालं म्हणून आजोबा महिनाभर मान वर करून चालत होते. त्या लग्नातलं मला फार थोडं आठवतं. आंब्याच्या डहाळ्यांचा हिरवा वास. शिंगं रंगवलेली तांबडी गाय, आंदण म्हणून मांडवाच्या खांबाला बांधलेली, गोंधळून सारखी मुतणारी. घोंगड्यावर मांडलेली भांडी: हंडा, घागर, परात, समई. प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी आत्याचं नाव कोरलेलं होतं. भांडी विकणाऱ्याच्या दुकानात तो टकटक आवाज चालू असताना मी आजोबांच्या खांद्यावर होते, एवढं नक्की आठवतं. आणि आत्याच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. ती चालली की पुतळ्या एकमेकींना लागून बारीक वाजायच्या. आजोबांनी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "हे माझ्या हौसाचं. तिचं ती."

तिचं ती.

पाच वर्षांनी ती परत आली. तिचे यजमान, शंकरमामा, गेले होते. ते कसे गेले हे मला कुणी सांगितलं नाही आणि पुढं मीही विचारलं नाही. मला आठवतं ते एवढंच की आषाढात, धो धो पावसात, एसटीतून ती उतरली तेव्हा तिच्या हातात काकणं नव्हती. पूर्वी ती कुठंही असली तरी आवाजावरून सापडायची. आता ती घरात कुठं आहे हे कळायचंच नाही. मागच्या पडवीत नाचणीच्या पोत्यांपाशी बसलेली असायची. आई तिला सणाच्या दिवशी पुढं येऊ द्यायची नाही. तोंडानं काही म्हणायची नाही, फक्त हळदी-कुंकवाचं ताट घेऊन वळसा घालून जायची. तो वळसा मी इतक्या वेळा पाहिला की पुढं मलाही तो आपोआप यायला लागला. खेळताना आत्या दिसली की मीही लांबून जायची. नऊ वर्षांच्या पोरीला कुणी न शिकवता हे येतं, याची आता किळस वाटते.

त्याच पावसात एक दिवस आबांनी मला बोलावलं. चुलीवर टांगलेल्या ओल्या घोंगडीतून वाफ निघत होती. आबा म्हणाले, "पोरी, तुज्या आत्याला सही शिकव. तुजी पाटी घे. दिवाळीपातुर आली पायजे."

मला केवढा आनंद झाला! मी मास्तरीण होणार होते.

आत्या शाळेत कधी गेली नव्हती. पहिल्या दिवशी तिनं पेन्सिल धरली ती खुरपं धरावं तशी. मी तिचा हात धरून 'ह' काढला. तिचा हात खरबरीत आणि उबदार होता, आणि त्याला राखेचा वास येत होता. 'ह'ची शेपटी तिला जमेना. मी तिला छडी दाखवली, आणि ती हसली. परत आल्यापासून पहिल्यांदाच हसली. मग 'हौ' आला. एक काना, वर दोन मात्रा.

"आगं, एकीच्या डोस्क्यावर एवढं वज्जं कशाला?" आत्या म्हणाली.

"ते तसंच असतं," मी मास्तरांसारखं म्हणाले.

रोज दुपारी पडवीत आमची शाळा भरायची. कौलांवरून पागोळ्या पडत असायच्या, वासरू मागं चघळत असायचं, पाटी पुसायच्या ओल्या फडक्याला आंबूस वास यायचा. हौसाबाई आलं. मग आबा म्हणाले, पुढं नवऱ्याचं नाव पायजे. मी पाटीवर 'शंकर' लिहिलं आणि वाचून दाखवलं. आत्यानं एकदम पदर पाटीवर टाकला.

"काय झालं?"

पदराखाली तिनं पाटी पालथी केली. मग म्हणाली, "त्यांचं नाव म्या तोंडानं कवा घेतलं न्हाई. लग्नात उखान्यात घेतलं, तेवढंच. आता तू हातानं घ्यायला लावतीयास."

पण ती शिकली. शेवटी शेवटी तर ती पाटी सोडून राखेत, चुलीपुढं, वाळूत, दिसेल तिथं काडीनं लिहायची. हौसाबाई शंकर. एकदा मी पाहिलं, तिनं नुसतंच 'शंकर' लिहिलं होतं आणि हाताच्या पंजानं त्यावरची माती हळू सारखी करत होती. मला वाटलं, पुसतेय. ती पुसत नव्हती. कडा नीट करत होती.

दिवाळीच्या आधी आम्ही तिघं पलूसकडं गेलो. मी हट्ट धरला नव्हता, आत्यानंच धरला. "माजी मास्तरीन बरुबर पायजे," म्हणाली. कऱ्हाड सोडल्यावर गुऱ्हाळांचा गोड, जळका वास एसटीत भरला. आत्या खिडकीतून उसाकडं बघत होती. एका ठिकाणी तिनं मला कोपरानं ढोसलं. "ह्यो आमचा मळा. त्या बांधावरचं नारळाचं झाड म्या लावल्यालं." झाड तिच्यापेक्षा उंच झालं होतं.

तिच्या सासरच्या घरी चहा झाला. मी हात धुवायला न्हाणीत गेले, तर चुलवणावर तांब्याचा हंडा होता, काजळीनं काळा झालेला. वरच्या काठाला ठिपक्यांची अक्षरं होती. मी ओरडलेच, "आत्या, तुझं नाव!" आत्या आली. तिनं पदरानं काठ पुसला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचलं. मग ती बाहेर जाऊन जावेला म्हणाली, "जाऊबाई, ह्यो हंडा माझा हाय."

जाऊ भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आसू दे की. तुला तिकडं डोंगरात येकलीला एवढं पानी कशाला लागतंय?"

आत्यानं आबांकडं पाहिलं. आबा बशीतला चहा फुंकत होते.

मग तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथं पहिल्यांदा मी तसला पिवळा स्पंज पाहिला. साहेबांनी कागद भरभर वाचला. राजीखुशीने, दडपणाशिवाय. मग टाक आत्याच्या हातात आला. तिनं पदर सावरला, माझ्याकडं पाहिलं आणि लिहायला लागली. तिची जीभ किंचित बाहेर आली होती. सगळे थांबले होते. 'ह'ची शेपटी झकास आली. काना आला, दोन मात्रा आल्या. 'शंकर'पाशी तिनं टाक एकदा उचलला, पुन्हा टेकवला, पण अक्षर मोडलं नाही.

"वा!" साहेब म्हणाले. "बाई शिकलेल्या दिसतात. म्हणजे समजून-उमजून केलंय, चांगलं झालं."

आत्याचा चेहरा लाजेनं आणि आनंदानं फुलला. मला तर आभाळ ठेंगणं झालं. नवऱ्याच्या वाट्याचा सगळा मळा तिनं दिराला लिहून दिला होता, आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसत होतो.

बाहेर आल्यावर दिरानं आबांच्या हातात एक फडकं दिलं, गाठ मारलेलं. त्यात आत्याचे डाग होते, पुतळ्यांची माळ धरून. मळा ठेवायचा आणि अंगावरचे डाग परत करायचे, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. दीर म्हणाला, "अंगठा घेतला आसता तर उद्या कोन बी म्हनलं आसतं, अडानी बाईला फशिवलं. सहीचं बेस झालं." आबा म्हणाले, "म्हनून तर पोरीला लावली शिकवायला."

हे मी ऐकलं. ऐकून मला अभिमान वाटला. आबांनी साताऱ्याच्या स्टँडवर उतरून मला कंपासपेटी घेऊन दिली. तिच्या पत्र्याचा, नव्या रंगाचा वास मला इतका आवडला की त्या रात्री मी ती उशाशी घेऊन झोपले. फडकं आबांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. ते आत्याच्या हातात गेलेलं मी तेव्हा पाहिलं नाही, नंतरही कधी नाही.

आबा वाईट होते का? गाव म्हणतं, देवमाणूस. दुष्काळात त्यांनी घरचं धान्य वाटलं होतं. मला त्यांनी पायताण झिजवून कॉलेजपर्यंत शिकवलं. आत्याला ते कधी उणा शब्द बोलले नाहीत, वर्षाला दोन लुगडी घेतली. आजोबा गेल्यावर मेढ्याच्या कचेरीत तिनं दुसरी सही केली, माहेरच्या जमिनीवरची. तेव्हाही तिला लुगडं मिळालं, राखी रंगाचं. ती ते मला दाखवत म्हणाली होती, "सही बग, आता कशी झरझर येतीया." तिनं आयुष्यात या दोनच कागदांवर सही केली. तिला कधी कुणी पत्र लिहिलं नाही, बँकेत तिचं खातं नव्हतं, मतदानाला ती आईच्या मागून जायची. मी शिकवलेली अक्षरं दोनदा वापरली गेली, आणि दोन्ही वेळा तिच्या पायाखालची जमीन काढून घ्यायला.

माझ्या लग्नात आईनं ती पुतळ्यांची माळ माझ्या गळ्यात घातली. मला माहीत होतं. नव्हतं, असं आता म्हणण्यात अर्थ नाही. एक पुतळी जराशी चेपलेली होती, लहानपणी मीच ती दातानं चावली होती. हळदीला आत्याला बोलावलं नव्हतं. ती मागं चुलाणापाशी, पत्रावळ्यांच्या ढिगाआड बसून कांदे चिरत होती. मी नमस्काराला गेले तेव्हा तिनं मान वर केली, माळेकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ते कांद्यांचंही असेल. म्हणाली, "शोभतीया गं." मी वाकले तेव्हा पुतळ्या वाजल्या. पुढं त्या माळेच्या मी सुनेला पाटल्या केल्या. डाग मोडून डाग. आमच्याकडं दागिन्याला डाग म्हणतात, हा शब्द पहिल्यांदा ज्यानं वापरला त्याला काहीतरी कळलं असलं पाहिजे.

"ताई," दस्त लिहिणारा म्हणाला, "मागं लय लोक खोळंबलेत."

मी पेन खाली ठेवलं. "मी सही करणार नाही."

महेशला आधी ते कळलंच नाही. मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं मला दंडाला धरून बाहेर आणलं. "ताई, काय झालं तुला? तुला काय कमी हाय? साताऱ्यात घर हाय, दाजींची पेन्शन हाय. उद्या गाव काय म्हनंल, बहिनीनं भावाच्या तोंडातला घास काढला?"

"माझा हिस्सा मी आत्याच्या नावावर करणार आहे."

"आत्याच्या?" तो हसला. ते हसणं मला ओळखीचं वाटलं, आत्याची जाऊ भाकरी थापताना बोलली होती त्यातलं. "म्हातारी आज हाय, उद्या न्हाई. आनि तिला पोसतंय कोन? आमीच पोसतोय न्हवं आजपातुर?"

मी म्हणाले, "महेश, ती पोसली जात नाहीये. ती स्वतःचंच खातेय. तिचं एक शेत आपण खाल्लं, आणि दुसऱ्याच्या बदल्यात तिचे डाग."

त्यानं पेढ्यांचा खोका रस्त्याकडच्या गटारात फेकला. गाडी काढून तो निघून गेला. मला वाटलं, मी काहीतरी केलं. पन्नास वर्षांनी का होईना, केलं. स्टँडवर उभं राहून मला हलकं वाटत होतं. आत्याला सांगायचं म्हणून मी गावाकडची वडापची जीप पकडली.

मी पोहोचायच्या आत महेश पोहोचला होता. आत्या ओट्यावर बसली होती, शेजारी तिची अंथरुणाची वळकटी आणि एक पिशवी. दार आतून लावलेलं होतं. खिडकीतून भावजय म्हणाली, "ताई, तुमाला लय पुळका हाय न्हवं? घिऊन जावा मग."

मी आत्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. सही केली नाही, हिस्सा तुझ्या नावावर करते, वकील बघते. मला वाटलं होतं, ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. ती माझ्याकडं बघत राहिली, डोळ्यांत नुसती भीती.

"तुला कुनी सांगितलं हुतं हे शानपन?" ती म्हणाली. "मला इचारलंस? नऊ वरसांची हुतीस तवा बी न्हाई इचारलंस, आन् आता बी न्हाई."

"आत्या, तो तुझा हक्क आहे."

"हक्क चुलीत घाल. ह्या पडवीत माजी पन्नास वरसं गेली. कुठला खांब कवा करकरतो ते मला ठावं हाय. आता ह्या वयात म्या कुनाच्या दारात जाऊ?"

मी दार वाजवलं. महेशला हाक मारली, दोनदा, तीनदा. आत टीव्ही चालू होता, त्याचा आवाज कुणीतरी वाढवला. आबांचा हार घातलेला फोटो खिडकीतून दिसत होता. त्या शांत, देवमाणसाच्या चेहऱ्याची मला एवढी शिसारी आली की मी तोंड फिरवलं. मग मी वळकटी उचलली. आत्या माझा हात न धरता उठली.

साताऱ्याची गाडी मिळाली. घाट उतरताना तिला मळमळलं, तिनं पदर तोंडाशी धरला. मी पाठीवरून हात फिरवायला गेले तर तिनं अंग चोरलं.

साताऱ्याला आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ह्यांनी दार उघडलं. माणूस भला आहे. त्यांनी वळकटी माझ्या हातून घेतली, स्वतः चहा टाकला, पंख्याचा वेग विचारला. म्हणाले, "आत्या, राहा हो हवे तेवढे दिवस. आपलंच घर समजा."

आत्यानं मान डोलावली. ती सोफ्यावर बसली नाही, दाराजवळ भिंतीला टेकून खाली बसली. ती भिंतीकडं, छताकडं, पंख्याकडं सावकाश बघत होती. हे कप ठेवायला आत गेल्यावर हलक्या आवाजात म्हणाली, "जावई लय चांगलं हायत."

"हो."

"घर बी झ्याक हाय." मग थोडं थांबून, "कुनाच्या नावावर हाय गं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता.

"ह्यांच्या," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला नवल वाटलं नाही. वाईटही वाटलेलं दिसलं नाही. उलट दिवसभरात पहिल्यांदा तिनं माझ्याकडं मायेनं पाहिलं, एखाद्या बरोबरीच्या बाईकडं बघावं तसं. मी तिची पिशवी उचलली होती, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवायला.

"आसू दे बाय," ती म्हणाली. "हितंच ऱ्हाऊ दे, दारापाशी."